फ्रीजमधली ती बाटली

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, ईथरची बाटली लॅबमधल्या साध्या फ्रीजमध्ये असते, गार राहते म्हणून. आईसमोर मी काही बोललो नाही. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, उणे ४५ अंश आहे गं. फ्रीझर उणे १८ वर असला तरी बाटलीतून निसटलेली वाफ पेट घेऊ शकते. आणि घरगुती फ्रीजच्या आतच थर्मोस्टॅट, दिव्याचं बटण. एक ठिणगी पुरे.

तू म्हणशील, डायक्लोरोमिथेन हे दुसरं सॉल्व्हंटही तितकंच उडतं, त्याचं काय? खरं आहे. २० अंशांना ईथरचा बाष्पदाब सुमारे ५८ किलोपास्कल, त्याचा ४७. पण त्यात क्लोरीन आहे, ते सहजी पेटत नाही. बाष्पदाब वाफ किती उठेल ते सांगतो, ती जळेल की नाही ते नाही. जळणाऱ्यांत मात्र दाब उतरेल तसा फ्लॅश पॉइंट चढतो: ईथर उणे ४५, ॲसिटोन उणे २०, स्पिरिट १३.

लागलो बघ शिकवायला. तू एमएस्सी, मी साधा ऑपरेटर. राग मानू नकोस.

आजी स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा लावून स्टोव्हचा बर्नर तापवायची, मगच पंप मारायची. तू एवढीशी होतीस. विचारलंस, रॉकेल आधीच का नाही पेटत? आजी म्हणाली, बापाला विचार. मी म्हटलं, त्याची वाफ लवकर उठत नाही. तुझं समाधान झालं नाही, दिवसभर माझ्या मागे होतीस. आत्या तेव्हाच म्हणाली होती, ही पोरगी पुढे जाणार.

आणि ईथरची ती वाफ हवेच्या अडीच पट जड असते. टेबलावरून सरपटत लांबच्या हॉट प्लेटपर्यंत जाते. प्लेट १८० अंशांवर असली तर पेटायला ज्योतीचीही गरज नसते. अण्णांचे हात तू पाहिलेस, जास्त लिहीत नाही.

नवीन आहेस, बोलायला संकोच वाटेल. तरी मॅडमना सांग, फ्लेमप्रूफ, म्हणजे आत ठिणगी न पडणारा फ्रीज मागवा. तोवर ती बाटली बाहेर काढा, सॉल्व्हंटच्या कपाटात ठेवा. उगाच भीती घालतोय असं आई म्हणेल. म्हणू दे.

दोन सुती ॲप्रन कुरियरने पाठवलेत, नायलॉनचा घालू नकोस. मॅडमशी बोललीस की लगेच फोन कर, कितीही वाजू देत.

तुझे बाबा