वैशूस, जरा उशिराच

पुणे,
रविवार, दुपार

वैशू,

फोनवर तू ‘असू दे गं’ म्हणालीस आणि लगेच आज भाजी कुठली केलीस म्हणून विचारलंस. तीन आठवडे झाले, ते ‘असू दे’ माझ्या घशात अडकलंय. म्हणून पत्र. फोनवर मी वकिली करायला लागते, तुला माहीतच आहे.

तुझ्या गाठीचं मी माझ्या जावेला सांगितलं. एकीलाच. पोळ्या लाटता लाटता डोळे भरून आले, तिनं काय झालं विचारलं, मी बोलून गेले. ‘कुणाला बोलू नकोस’ असं बजावलंही. तिनं तिच्या मावशीला सांगितलं, तेही बजावूनच. नवव्या दिवशी तुझ्या सासूबाईंचं अख्खं भजनी मंडळ शहाळी घेऊन तुझ्या दारात हजर! बायोप्सीचा रिपोर्टसुद्धा यायचा होता. तो हातात पडला की सासूबाईंना तू स्वतःच्या तोंडानं सांगणार होतीस.

आणि मी कोण, तर दवाखान्यांना ‘रुग्णाची गोपनीयता’ शिकवून पोट भरणारी बाई.

गंमत बघ, कायद्यानं मी निर्दोष आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण ती डिजिटल माहितीपुरती. शिवाय माणसानं घरगुती, खासगी कारणासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळलीये. पोळपाटावरून झालेली गळती कुठल्याच कलमात बसत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा मी पेढे वाटले होते. तूही खाल्लेस.

१९९८ चा तो खटला तुला कधी सांगितला होता का? ‘मि. एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’. नागालँडमधल्या कोहिमाचा एक सरकारी डॉक्टर सरकारच्या सांगण्यावरून एका रुग्णाच्या सोबत मद्रासला गेला. तिथं त्यानं रक्त दिलं आणि तपासणीत एचआयव्ही निघाला. बातमी फुटली, ठरलेलं लग्न मोडलं, लोकांनी त्याला इतकं टाकलं की कोहिमा सोडून मद्रासलाच राहायला जावं लागलं. हॉस्पिटलनं गुपित फोडलं म्हणून त्यानं भरपाई मागितली, पण सर्वोच्च न्यायालयात तो हरला. होणाऱ्या बायकोच्या जिवाचा प्रश्न होता, तिचा हक्क मोठा, असं न्यायालय म्हणालं. वर्षानुवर्षं मी हा निकाल शिकवते आणि दर वेळी दोन हक्कांच्या तोलावर तास संपवते. परवा पहिल्यांदा मनात आलं, बायकोला कळलं ते एक वेळ ठीक, पण साऱ्या कोहिमाला कळायची काय गरज होती? तिथं कुणी वैरी बसले नसणार. काळजी वाटून सांगणारेच असतील, माझ्यासारखे.

हे परवा सुचायचं कारण वेगळंच. एका दवाखान्यात माझं ट्रेनिंग होतं. नर्सिंग स्टेशनवर पांढरा बोर्ड, त्यावर बेड नंबर, नाव, आजार, जिन्यातून येणाऱ्याला सगळं ठळक दिसतं. मी म्हटलं, हे पुसा. एक सर्जन तडकले, ‘आणि चुकीच्या पेशंटला इंजेक्शन गेलं, तर कोर्टात तुम्ही येणार का?’ मुद्दा अगदीच खोटा नव्हता. मालक मोबाइलमध्ये बघत बसले. तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर उठल्या, डस्टर घेतलं आणि आजाराचा रकाना तेवढा वरपासून खालपर्यंत पुसला. ‘नाव राहू दे सर. ते मनगटाच्या पट्टीशी ताडून, पेशंटला विचारूनच आम्ही सुई टोचतो. आजार फाइलमध्ये आहे.’ मग हाताखालच्या पोरींकडे वळून म्हणाल्या, ‘गेल्या वर्षी या बोर्डावरचं एकीचं मी घरी बोलले होते. ती आमच्याच गल्लीतली निघाली. चूक माझी होती.’

नेतृत्वावर माझ्याकडे चाळीस स्लाइड्स आहेत. त्यात हे नाही.

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, तुमच्याकडून झालंय कधी असं?’ आणि मी म्हणाले, ‘आमच्या व्यवसायात ते चालतच नाही.’ सिस्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वैशू, त्या क्षणी मी त्या खोलीतली सगळ्यात छोटी बाई होते.

मंडळ आलं त्या दिवशी तू म्हणे सगळ्यांना चहा केलास, वर हसून गप्पा मारल्यास. ‘किती खंबीर गं तुझी मैत्रीण’, आमची जाऊ कौतुकानं सांगत होती. मला तिचा राग आला आणि माझाही. तुला ते दिवस नुसतं पांघरूण ओढून पडायचं असेल, कुणाशी न बोलता. खंबीर व्हायची पाळी मी तुझ्यावर आणली आणि वर सगळे तुझी पाठ थोपटतायत.

रिपोर्टचं मी विचारत नाही. फाइल मात्र मागून घे. लेखी अर्ज दे, पोच घे. ७२ तासांत कागद द्यावे लागतात, डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांतच आहे ते. बायोप्सीच्या स्लाइड्स आणि ब्लॉक (म्हणजे गाठीच्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि मेणात जपलेला तुकडा) कुठं ठेवलेत तेही विचार, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं झालं तर लागतात. (बघ, आलीच वकिली.)

मंगळवारी सांगलीला येऊ का? नको असेल तर उत्तरच देऊ नकोस, मी समजेन. घरी कोर्टाची तारीख आहे म्हणून सांगेन. जावेनं विचारलंच तर जमिनीची केस. जमिनीच्या केसचा तिला भयंकर कंटाळा येतो.

तुझी,
सुमी