सायकल विकत घेऊ नको, बांधून घे

जळगाव,
रविवार दुपार

प्रिय मित्रा,

कसा शे भो? घरी सगळे बरे ना? काकूंचे गुडघे आता कसे आहेत ते कळव, आणि काकांना माझा नमस्कार सांग.

परवा फोनवर तू म्हणालास की धुळ्याच्या देवपूरहून अवधान एमआयडीसीत रोज मोटरसायकलने जायचं पेट्रोल परवडत नाही, शिवाय डॉक्टरांनी पण शरीर हलवा म्हणून सांगितलंय, तर सायकल घ्यायची, आणि शोरूममध्ये २१ गिअरवाली, पुढे शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक अशी एक बघून पण आलास. सायकल घेतोयस ह्याचा मला किती आनंद झाला ते फोनवर नीट सांगता आलं नाही. पण ॲडव्हान्स दिला नसशील तर देऊ नको. त्याच पैशात, खरं तर त्याच्याहून कमीत, तुझ्या रस्त्याची आणि तुझ्या अंगाची सायकल बांधून होते, मी माझी तशीच बांधून घेतलीय आणि रोज त्याच सायकलवर कंपनीत जातो. म्हणून हे पत्र जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

माझं म्हणणं एकच आहे. तुझ्या घरापासून कंपनीच्या गेटपर्यंत जेवढी पंक्चरची दुकानं आहेत त्यातल्या कुठल्याही दुकानात तुझ्या सायकलचा कुठलाही पार्ट निघाला पाहिजे आणि परत बसला पाहिजे, तेही शिफ्ट चुकायच्या आत. ह्या मापाने बघ म्हणजे शोरूमवाल्या सायकलचं काय होतं ते कळेल. मागचं गिअरचं मशीन एका छोट्या पत्र्यावर लटकलेलं असतं, स्टँडवर कोणी सायकल पाडली की तो पत्रा वाकतो आणि चेन आऱ्यात जाते, आणि प्रत्येक मॉडेलचा पत्रा वेगळा, तो धुळ्यात मिळेलच असं नाही. स्वस्तातला शॉकअप बरंच वजन वाढवतो आणि डांबरी रस्त्यावर तू जोर लावलास की तोच जोर खाऊन टाकतो. डिस्क जरा वाकली की घासत राहते, आणि मागच्या डिस्कमुळे साधं कॅरिअर बसवताना पण कटकट. डोंगरात जाणाऱ्याला ह्या गोष्टी लागत असतील, तुला लळिंगचा घाटसुद्धा चढायचा नाही, तुझी कंपनी त्याच्या अलीकडेच आहे.

मग काय घ्यायचं? जुनी रेंजर टाइप स्टीलची फ्रेम बघ, २६ च्या चाकाची, बिनशॉकअपची, सरळ चिमट्याची, चिमटा म्हणजे पुढचं चाक धरतो तो भाग. काळी उंच सायकल पण मी आधी बघितली होती, आजोबांच्या काळची असते ना तशी, मजबुतीला तिच्यासारखी नाही, पण तिचा रॉड ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतो आणि स्टीलची रिम पावसात ओली झाली की ती थांबता थांबत नाही, आणि ब्रेक बदलायचा म्हटलं तर रिमच बदलावी लागते कारण त्या रिमला बाजूने सपाट पट्टीच नसते. ट्रकच्या गर्दीतून जायचंय तर ब्रेकवर तडजोड नको. म्हणून रेंजर. स्टील अशासाठी की तडा गेला तरी कुठलाही वेल्डिंगवाला जोडून देतो, ॲल्युमिनियमला तो हात लावत नाही.

फ्रेम भंगारवाल्याकडे मिळाली तरी चालेल पण एक तपासणी तिथल्या तिथे कर. मागचं चाक जिथे बसतं त्या एका बाजूच्या खाचेला दोरा बांध, तो पुढे हँडलखालच्या पाइपला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेला आण आणि ताणून बांध. आता सीटच्या उभ्या पाइपपासून दोन्ही बाजूच्या दोऱ्याचं अंतर पट्टीने मोज. सारखं आलं तर फ्रेम सरळ, दोन-तीन मिलिमीटरच्या वर फरक आला तर सोडून दे. पायडलच्या कपाजवळ जिथे सगळे पाइप एकत्र येतात तिथला रंग तडकलाय का बघ, तडा बऱ्याचदा तिथेच पडतो. आणि ब्रेकसाठी चिमट्यावर आणि मागच्या पाइपांवर वेल्ड केलेले खुंट पाहिजेत, म्हणजे व्ही ब्रेक बसतो, रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा. तेवढं असलं की बाकी सगळं नवं घालता येतं.

आता चाकं. पैसे इथे घाल, दुसरीकडे कुठे हात आखडता घेतलास तरी चालेल.

दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची रिम घे, ३६ आऱ्यांची, आणि आरे १४ गेजचे म्हणजे २ मिलिमीटर जाडीचे. ही चाकं तयार घ्यायची नाहीत, मिस्त्रीकडून समोर बसून भरून घ्यायची. माझी नानांनी भरली, मूळचे अमळनेरकडचे, आम्ही सगळे त्यांना नानाच म्हणतो, खरं सांगतो त्यांच्याकडे त्या दिवशी जे बघितलं ते कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक आरा तीन आऱ्यांना ओलांडून जाईल अशी भरणी. मग निपल, म्हणजे रिमकडचे आऱ्याचे नट, थोडं थोडं सगळीकडून सारखं आवळत आउट काढायचा, म्हणजे चाक डुलायचं थांबवायचं. आउट निघाला की आपल्याला वाटतं झालं काम, पण नानांनी त्यानंतर चाक मांडीवर घेतलं आणि शेजारशेजारचे दोन दोन आरे मुठीत धरून जोरात दाबत पूर्ण चाक फिरवलं, कट कट आवाज येत होता, आरे आपापल्या जागी बसतानाचा. चाक परत थोडं आउट झालं, परत काढलं. असं दोन-तीन वेळा. शेवटी चावीने एकेका आऱ्यावर टिचकी मारून कान लावला आणि मला म्हणाले, "चाक बोलस भाऊ, आयक." आणि खरंच एका बाजूचे सगळे आरे एकाच सुरात वाजत होते, फ्रीव्हीलकडचे, म्हणजे मागच्या दात्यांच्या चकतीकडचे, जरा जास्त ताणलेले म्हणून त्यांचा सूर बारीक. एक जरी बद्द वाजला तरी तो ढिला, त्याला आवळायचं.

हे एवढं सविस्तर अशासाठी सांगतोय की आपल्याकडे सगळे समजतात आरा वजनाने तुटतो. वजन आलं की चाकाच्या खालच्या बाजूचे आरे क्षणभर सैल पडतात आणि वर गेले की परत ताणले जातात, २६ चं चाक एका किलोमीटरला पावणेपाचशे-पाचशे वेळा फिरतं, म्हणजे तेवढ्या वेळा प्रत्येक आरा सैल-ताण सैल-ताण होतो, आणि मुळात ढिला भरलेला असेल तर तो कोपरात, म्हणजे चाकाच्या मध्याजवळच्या वळणाला, वाकत वाकत तिथेच तुटतो. घट्ट आणि सारखं भरलेलं चाक तुझं वजन, डबा, भाजीची पिशवी सगळं वर्षानुवर्षं पेलतं.

टायर घेताना "२६ चा द्या" एवढंच बोलू नको. २६ गुणिले १.७५ वेगळा, २६ गुणिले १ ३/८ वेगळा, एकाचा दुसऱ्यावर चढत नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४७-५५९ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. तुला ५५९ पाहिजे. १ ३/८ वाल्यावर ५९० असतो. गोट्या-गोट्यांचा टायर घेऊ नको, रस्त्यावर घूं घूं वाजतो आणि जड जातो, मधे सलग पट्टी असलेला घे.

आणि काटे! तुला सांगायला नको, रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आणि पावसाळा संपला की सराटे, ट्रक मागून आला आणि तू कडेला उतरलास की काटा ठरलेला. माझ्याकडे दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र वापरतो. टायरच्या आत लायनर पट्टी, तिची टोकं कातरून गोल करायची आणि घासून घ्यायची नाहीतर ती टोकंच ट्यूब खातात. आणि ट्यूब मोटरसायकलच्या व्हॉल्वची, ज्याचा पिन निघतो, म्हणजे त्यातून सीलंट, छोटं पंक्चर आतून बुजवणारा द्रव, भरता येतं आणि हवा पण पेट्रोल पंपावर भरता येते. ती जुनी वॉलट्यूबवाली नको, उन्हाने त्या रबराचा चिकटा होतो आणि रात्रीतून हवा जाते. तुझ्या वजनाला मागे ४५ पीएसआय, पुढे ४० पुरे, वजन मागच्या चाकावरच जास्त येतं. पंपावर मशीनवर लक्ष ठेव, तो मोटरसायकल समजून झटकन भरतो.

उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून अर्धी हवा सोडून ठेवतात लोक, ते करू नको. सावलीतल्या टायरमध्ये ४५ असेल तर भर उन्हात तापून ती पन्नास-त्रेपन्नासच्या आसपास जाते, तेवढ्याने चांगला टायर फुटत नाही. फुटते ती घाईत लावलेल्या पॅचची जागा. उलट कमी हवेत खड्डा लागला की रिम ट्यूबला दोन दातांनी चावते. पॅच लावताना ट्यूब घासून, सोल्युशन पूर्ण वाळू देऊन मगच दाबायला सांग, दुकानदार घाई करेल, तू करू देऊ नको.

गिअर एकच ठेव पण बरोबर ठेव. बऱ्याच साध्या सायकलींना पुढे ४४ दात आणि मागे १८ चं फ्रीव्हील असतं, वारा नसला तर ठीक. पण आपल्याकडे मे-जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा आग्रा रोडला लागलास की तो आडवा अंगावर येतो, साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. मागे २० चं फ्रीव्हील टाक. पायडलचा एक फेरा म्हणजे साडेचार मीटर, मिनिटाला ६० फेरे मारलेस तर ताशी १६ किलोमीटर होतात, ७० मारलेस तर १९ च्या जवळ. कामाला जायला आणि घामाघूम न होता पोचायला एवढा स्पीड भरपूर झाला. पुलाच्या चढावर पण उठून उभं राहावं लागत नाही. फ्रीव्हील सगळीकडे मिळतं, चुडी, म्हणजे आतले आटे, सगळ्यांची सारखीच असते.

चेनला जळकं इंजिन ऑइल ओतायची पद्धत आहे ती बंद, त्याला आपली धूळ चिकटते आणि काळी खरड तयार होते जी चेन पण खाते आणि दात पण. शिलाई मशीनचं तेल, एकेका रोलरला एकेक थेंब, मग फडक्याने बाहेरून पुसून कोरडं. आणि अधूनमधून फुटपट्टी लाव, पिनच्या मध्यापासून बारा इंचावर पुन्हा पिनच आली पाहिजे, ती १/१६ इंच पुढे सरकलेली दिसली की चेन बदल, फ्रीव्हील वाचतं. फुल चेनकव्हर लाव म्हणजे पँट पण वाचते.

मडगार्ड लांब पाहिजेत आणि टायरपासून दोन बोटं लांब. आपली काळी माती ओली झाली की काय करते तुला माहितीय, शेतरस्त्याने दहा पावलं गेलं तर चाक फिरायचं थांबतं, मडगार्ड जवळ असेल तर तिथेच अडकलास. खाली जुन्या ट्यूबचा फ्लॅप स्क्रूने लावून टाक.

बॅग पाठीवर अजिबात नको, शर्ट भिजतो आणि कंपनीत पोचल्यावर दिवसभर तसंच बसावं लागतं. कॅरिअर मी फॅब्रिकेशनवाल्याकडून ८ एमएम सळईचं करून घेतलंय, चाकाच्या जमेल तेवढं जवळ, कारण वजन खाली असलं की सायकल डुलत नाही. त्याच्यावर टाकायला रिक्षाचे हुड शिवणाऱ्याकडून रेक्झिनची पडशी शिवून घेतली, जशी घोड्यावर टाकायचे तशी, दोन्हीकडे एकेक खण. एकात डबा आणि कपडे, दुसऱ्यात पंप, पाना, पॅचचा डबा. खणाच्या आतल्या बाजूला पातळ पत्रा घालायला सांग नाहीतर पडशी आऱ्यात जाते, आणि टाच मागे लागणार नाही इतकी ती मागे सरकवून घे. पाण्याची प्लास्टिकची बाटली उन्हात चहासारखी होते, मी छागळ, जाड कापडाची पाण्याची पिशवी, टांगतो कॅरिअरला, वारा लागून पाणी गार राहतं.

सीटची उंची अशी, टाच पायडलवर ठेवून पायडल एकदम खाली गेलं की पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेक सगळे फार खाली बसून चालवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकललाच नावं ठेवतात. पुढचा ब्रेक वापरायची सवय कर, थांबवायची ताकद त्याच्यातच असते, फक्त दोन्ही एकदम आणि सावकाश दाबायचे, खडीवर पुढचा हलकाच. सेकंड शिफ्ट असेल तर मागचा लाल लाइट न विसरता, चार्जिंगचा मिळतो, टायरला घासून फिरणारा जुना बाटली डायनॅमो पायाला जड जातो आणि सायकल थांबली की लाइट पण बंद, नेमका चौकात उभा असताना.

एवढं सगळं एकदम करायचं नाही. आधी फ्रेम आणि चाकं, मग ब्रेक, बाकीचं पगार होईल तसं. मला तर वाटतं तू फ्रेम शोधून ठेव आणि एखाद्या रविवारी एसटीने इकडे ये, नानांना मी सांगून ठेवतो, चाकं तुझ्या समोर भरून घेऊ आणि तुला पण आउट काढायला बसवू, ते शिकवतात हौसेने. भरताची वांगी अजून चांगली येतायत, रात्री कळण्याची भाकरी आणि भरीत करू, राहा एक दिवस.

वहिनींना आणि पोरांना आठवण सांग. फ्रेम दिसली की लगेच फोटो पाठव, खुंटांचा आणि कपाजवळचा जवळून काढ.

तुझाच,
मित्र

ता. क. रिम आणि हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, वेगवेगळ्या दुकानातून घेणार असशील तर दोन्हीची छिद्रं स्वतः मोज. ३६ ची रिम आणि ३२ चा हब हातात आला तर नाना पण काही करू शकणार नाहीत. आरे मात्र आत्ता घेऊ नको, त्यांची लांबी हब आणि रिम हातात आल्यावरच ठरते, ते इथे येऊनच घेऊ.