साहेब, पंचगंगेची पातळी मोजता तशी नेटची पण मोजा की

मा. जिल्हाधिकारी साहेब, कोल्हापूर,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरकर सकाळी डोळे उघडले की आधी विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं? 39 ला इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शाळेतल्या पोरांना पण पाठ. आकडा एकच, सगळ्यांना दिसतो, त्यामुळं वाद होत नाही, जनावरं कधी हलवायची ते लोक आकड्यावरनं ठरवतात. नेटचा असला आकडा जिल्ह्यात कुणाकडंच नाही म्हणून हे पत्र.

राजारामपुरीत माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. सात-बारा, दाखल्यांचे अर्ज, ई-केवायसी, येईल ते. दिवसातनं दहादा तरी तोंडातनं निघतंच, 'सर्व्हर डाऊन आहे ओ काका, उद्या या.' खरं सांगू का, सर्व्हरच डाऊन आहे का आमची लाईन गेलीय का मधेच कुठं डीएनएस (साईटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधून देणारी सोय) अडकलंय, ते माझं मलाच कळत नव्हतं. आणि गगनबावड्यासनं एसटीचं तिकीट काढून आलेला माणूस तसाच माघारी जायचा.

मग मी राइप अ‍ॅटलासचा प्रोब बसवला, म्हणजे नेट कसं चालतंय ते मोजणारं यंत्र. तळहातावर मावेल एवढा डबा, राउटरला वायरनं जोडायचा आणि विसरून जायचं. ॲमस्टरडॅमच्या राइप एनसीसी या संस्थेनं 2010 साली हे चालू केलं आणि आता जगभरात असले हजारो प्रोब लोकांच्या घरात, ऑफिसात, कॉलेजात चालू आहेत. डबा दर काही मिनिटांनी ठरलेल्या ठिकाणी पिंग मारतो (म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागला ते बघतो), डीएनएसला विचारून बघतो, पाकीट (नेटवरनं जाणारा माहितीचा छोटा तुकडा) कुठनं कुठनं फिरून गेलं ते लिहून ठेवतो. तुमच्या नेटवर तुम्ही काय बघताय त्यात तो नाक खुपसत नाही, फक्त स्वतःची पाकिटं पाठवतो. डबा चालू ठेवला की आपल्याला क्रेडिट मिळतात आणि ते खर्च करून दुसऱ्यांच्या प्रोबवरनं आपल्याला पाहिजे ती तपासणी करता येते, म्हणजे आमच्याकडं साईट उघडत नसली तर पुण्यातनं उघडते का ते दुकानात बसूनच कळतं. आपला पैरा असतो ना शेतात, तसंच हे.

आता गंमत ऐका. काचेच्या फायबरमधनं प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. इथनं मुंबई 380 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पिंगला जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग) लागायला पाहिजेत, फायबर वाकडातिकडा गेला असं धरून 10 म्हणा. आणि माझ्या प्रोबवर मुंबईतल्याच एका सर्व्हरला रोज संध्याकाळी 60-70 मिलिसेकंद दिसत होते! नेट कंपनीच्या कॉल सेंटरला फोन केला तर तेच, 'सर, आमच्याकडून सगळं ओके दिसतंय, राउटर बंद करून चालू करा.' शेवटी तीन आठवड्यांचा ग्राफ आणि ट्रेसराऊट (पाकिटाच्या रस्त्याची नोंद) पाठवला, पाकीट चेन्नईला वळसा घालून मुंबईला जातंय हे त्यात उघड दिसत होतं, मग मात्र चार दिवसांत रस्ता सरळ झाला. ग्राफ नसता तर मी अजून राउटर बंद-चालूच करत बसलो असतो.

साहेब, मागणी एवढीच आहे. करवीरपासनं चंदगडपर्यंत आपले 12 तालुके, प्रत्येकात एक डबा बसवा. तहसीलच्या आतल्या नेटवर्कला जोडू नका, सिक्युरिटीवाले ओरडतील आणि त्यांचं बरोबरच आहे. वाचनालय, कॉलेज नाहीतर ग्रामपंचायतीची वेगळी लाईन बघा. जमलं तर एकाच तालुक्यात दोन कंपन्यांच्या लाईनवर दोन बसवा, म्हणजे दोष कुणाचा ते लगेच कळेल.

एक मात्र आधीच सांगतो, नंतर फसवलं म्हणू नका. हा डबा स्पीड मोजत नाही, किती एमबीपीएस मिळतंय त्याला वेगळी टेस्ट लागते. आणि लाईट गेली तरी तो बंदच दिसणार, नेट गेलं का लाईट गेली हे तेव्हाच्या तेव्हा त्यावरनं कळत नाही. म्हणून डबा आणि राउटर दोन्हींना छोटा यूपीएस पाहिजेच, त्याशिवाय शिरोळात याचा उपयोग शून्य.

शिरोळचं नाव मुद्दाम घेतलं, पुराचा तालुका तो. 2019 ला आणि 2021 ला बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, हायवे बंद पडला, तेव्हा कुठल्या गावात फोन लागतोय आणि कुठं नाही हे आम्ही एकमेकांना मिस कॉल मारून शोधत होतो. कुठल्या तालुक्याचं नेट किती वाजता गेलं आणि कधी आलं याची मिनिटाबरहुकूम नोंद तेव्हा असती तर बोटी आधी कुठं पाठवायच्या हे ठरवायला तुमच्या कंट्रोल रूमला मदतच झाली असती की नाही?

आकडे लपवायचे नाहीत, सगळ्यांना बघू द्यायचे, बंधाऱ्यावरच्या पट्टीसारखे. डबे बसवायला कॉन्ट्रॅक्टर, टेंडर कायबी नको, बाराच्या बारा तालुक्यांत मी स्वतःच्या गाडीवर जाऊन जोडून देतो, पेट्रोल पण माझं. फक्त गगनबावड्याचं काम मे महिन्यात उरकायला लागंल, जूननंतर तिथं छत्री पण टिकत नाही.

आपला,
राजारामपुरीतला एक ऑनलाईन फॉर्मवाला