वरच्या थराला न पोहोचलेला निरोप

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, याचे मनाला लागून राहिले आहे. आईचा गुडघा आता बरा आहे आणि माझा रक्तदाब आटोक्यात आहे, प्रकृतीचे एवढेच. आज लिहायला बसलो ते अशा एका गोष्टीसाठी, जी घरात सांगितली तर सगळे मन लावून ऐकतील, पण तिचे मला इतके वाईट का वाटले ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

आमच्या संस्थेच्या एका शाखेतली जुनी लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र जोडणी) काढून तिथे फायबर ब्रॉडबँड घेतले. वेग कित्येक पटींनी वाढला आणि त्याच दिवसापासून मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरचे पान तिथे उघडेनासे झाले. पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी लहानशी हाक, उत्तम चालत होता, देखरेखीच्या पडद्यावर शाखेसमोर हिरवा दिवा होता, आणि ब्राउझर मात्र कोराच राहत होता. लाइनवाले म्हणत लाइन ठीक आहे, सर्व्हरवाले म्हणत सर्व्हर ठीक आहे, आणि दोघेही आपापल्या थरापुरते खरेच बोलत होते. शेवटी दोन्ही टोकांना पॅकेट कॅप्चर लावले, म्हणजे जाणारेयेणारे डेटाचे प्रत्येक पाकीट टिपून ठेवले. टीसीपी या, डेटा भरवशाने पोहोचवणाऱ्या नियमावलीचा (प्रोटोकॉलचा) हँडशेक, म्हणजे जोडणीची सुरुवात, पूर्ण झालेला होता, ब्राउझरचा पहिला टीएलएस (सुरक्षित जोडणीचा) संदेश सर्व्हरला मिळालेला होता, पण सर्व्हरने आपले प्रमाणपत्र पाठवायला घेतल्यावर शाखेत पोहोचला तो त्याचा फक्त शेवटचा, लहान तुकडा. इकडे सर्व्हर त्याआधीची मोठी पॅकेटे, दर वेळी दुप्पट थांबून, पुन्हा पुन्हा पाठवत होता. तो एकटा शेवटचा तुकडा पडद्यावर दिसला, तेव्हा तू शेजारी हवा होतास.

पुढचे तुला सांगायला नको, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथरनेटवर पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचे जाते. ब्रॉडबँडच्या पीपीपीओई या जोडणीच्या पद्धतीला त्यातले ८ बाइट लागतात, म्हणून त्या वाटेवर १४९२ उरतात. दोन्ही टोकांना इथरनेटच असल्यामुळे त्यांनी एकमेकांना १४६० चा एमएसएस (हेडर वगळून एका पॅकेटात मावणारा टीसीपीचा मजकूर) सांगितला होता, आणि मधल्या अरुंद जागेची कल्पना दोघांनाही नव्हती. सर्व्हरने १५०० ची पॅकेटे ‘तुकडे करू नयेत’ अशी खूण लावून सोडली. वाटेतल्या राउटरने आपले कर्तव्य चोख केले: पॅकेट टाकून दिले आणि ‘पुढची वाट १४९२ चीच आहे’ असा निरोप आयसीएमपीने, म्हणजे जाळ्यातली अडचण कळवण्याच्या प्रोटोकॉलने, सर्व्हरकडे धाडला. तो निरोप आमच्याच फायरवॉलने अडवला, कारण देखरेखीसाठी पिंगला तेवढी परवानगी आहे आणि बाकी सारे आयसीएमपी बंद आहे. पुलाच्या कमानीपाशी उंच ट्रक अडला, तिथल्या रखवालदाराने मालकाकडे माणूस पाठवला, आणि मालकाच्याच दरवानाने त्या माणसाला फाटकातून हाकलून दिले, तसे हे झाले. मालक त्याच उंचीचे ट्रक भरून पाठवतोच आहे.

आता तू म्हणशील, ‘पाहा, मी वसतिगृहात काय सांगत होतो!’ जाळ्याची कामे एकावर एक रचलेल्या थरांत वाटून दाखवणाऱ्या, सरांनी फळ्यावर काढलेल्या सात थरांच्या आकृतीवरून आपला जो वाद मेसच्या रांगेतून गच्चीपर्यंत चालला, त्यात थर हे केवळ कागदावरचे असतात ही तुझी बाजू होती, आणि या प्रसंगाने ती सिद्ध झाली असे तुला वाटेल. मला ते आजही मान्य नाही. १९७४ मध्ये सर्फ आणि कान या संशोधकांनी मांडलेल्या जाळ्याच्या रचनेत पुढची दोन्ही कामे एकाच प्रोटोकॉलकडे होती. टोकापासून टोकापर्यंतचा भरवसा आणि मधली वाहतूक यांची ही सरमिसळ चुकीची आहे, हे प्रोटोकॉलांवर काम करणारे जॉन पोस्टेल यांनी १९७७ मध्ये स्पष्ट लिहिले, आणि त्यानंतर भरवशाचा टीसीपी व वाहतुकीचा आयपी वेगळे झाले. पण १९८१ मध्ये आयपी आणि टीसीपी यांची अधिकृत तपशीलपत्रे निघाली, तेव्हा त्यांच्यासोबत आयसीएमपीचेही निघाले, हे आपल्या वादात तू नेहमी बाजूला ठेवलेस. त्या निरोपात राउटर अडलेल्या पॅकेटचे आयपी हेडर (पत्त्यांचा सुरुवातीचा भाग) आणि त्यापुढचे पहिले ८ बाइट परत पाठवतो. त्या बाइटांचा अर्थ राउटरला कळण्याची गरज नाही, पण टीसीपीचे पोर्ट आणि अनुक्रमांक नेमके त्यातच असतात, त्यामुळे तक्रार कोणत्या जोडणीची आहे ते वरच्या थराला बरोबर समजते. इतकी देखणी रचना मी दुसरी पाहिलेली नाही. खालच्या थराने वरच्याच्या कामात डोकावायचे नाही, पण आपली अडचण त्याच्यापर्यंत पोहोचवायची, हा थरांमधला करार आहे. इथे थर खोटे ठरले नाहीत; त्यांच्यातला हा करार मोडला गेला.

माझी खरी काळजी पुढची आहे. शाखेच्या राउटरवर एमएसएस १४५२ वर आणून ठेवला, पान उघडले, आणि सर्वांनी प्रकरण मिटले असे ठरवले. फायरवॉलचा नियम बदला, असे मी लेखी मांडले. उत्तर आले की आयसीएमपी धोकादायक आहे. १९९६-९७ च्या सुमारास मोठ्या पिंगने यंत्रे कोसळत होती, तेव्हाची ही भीती आहे, आणि तेव्हा ती रास्तही होती. पण एमएसएसचा हा उपाय केवळ टीसीपीपुरता आहे. यूडीपी या टीसीपीहून साध्या प्रोटोकॉलवरून जाणाऱ्या कशालाही त्याचा उपयोग नाही. शिवाय आता आम्ही आयपीच्या सहाव्या आवृत्तीकडे निघालो आहोत, जिथे वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही आणि सारी भिस्त याच निरोपावर आहे. जुना नियम तसाच तिकडे उतरवला, तर आज एका शाखेत झाले ते सर्वत्र होईल, आणि हिरवे दिवे तसेच लागलेले असतील.

याहून खोल दुःख असे की, प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनीही जाळ्याच्या बोलण्यावर विसंबणे सोडत आणले आहे. वाटेची रुंदी निरोपावरून ओळखण्याची पद्धत १९९० मध्ये आली. ते निरोप ठिकठिकाणी अडवले जाऊ लागले, म्हणून २००७ मध्ये, निरोपाची वाट न पाहता टोकाने स्वतःच लहानमोठी पॅकेटे पाठवून अंदाज घ्यावा, अशी पद्धत लिहिली गेली. २०२१ चा क्विक हा प्रोटोकॉलही अशी चाचपणी करू शकतो, आणि वाटेने निदान १२०० बाइटांचे पॅकेट गेलेच पाहिजे अशी अट घालतो. हे शहाणपणाचेच आहे, पण ज्याला नेमके ठाऊक होते त्याचे तोंड बंद करून आपण चाचपडत शोधायला शिकलो, हे मला सोसवत नाही. तुला हे कसे वाटते ते मला खरोखर जाणून घ्यायचे आहे, वाद घालायचा असला तरी चालेल.

वहिनींची बदली रद्द झाली का? धाकटीच्या दहावीचे कळव, आणि काकांना माझा नमस्कार सांग. घराच्या गळतीचे काय केलेस तेही लिही.

फायरवॉलच्या नव्या नियमाचा मसुदा सोबत जोडला आहे. ‘पॅकेट फार मोठे आहे’ हा निरोप दोन्ही आवृत्त्यांसाठी आत येऊ द्यावा, त्याच्या वेगावर मर्यादा ठेवावी, आणि आतले बाइट चालू जोडणीशी जुळले तरच तो स्वीकारावा, असे त्यात आहे. पुढच्या बैठकीत मी तो पुन्हा मांडणार आहे. तुला त्यात जिथे फट दिसेल तिथे खूण करून त्याआधी पाठव.

तुझाच,
वसतिगृहातला शेजारी