ऑटोमॅटिक चोकचा दोष थंड इंजिनातच सापडतो

संपादक महोदय,
स. न.

सकाळी गाडी लवकर सुरू होत नसेल तर 'कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) ट्यून करून घ्या', हा जुन्या गाड्यांच्या मालकांना मिळणारा ठरलेला सल्ला. ऑटोमॅटिक चोक, म्हणजे थंड इंजिनासाठी हवा आपोआप कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी झडप, असलेल्या गाडीत तो बरेचदा अंगाशी येतो. चोक अडकल्याची खूण थंड इंजिनात दिसते आणि गॅरेजपर्यंत पोहोचेतो इंजिन तापलेले असते. मग मिक्स्चरचा स्क्रू फिरवला जातो, गरम इंजिन तेवढ्यापुरते छान चालते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच रडगाणे. त्यापेक्षा गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात सोडावी किंवा पुढची तपासणी घरीच करावी.

रात्रभर उभ्या गाडीचा एअर फिल्टर काढा, ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा. कार्ब्युरेटरच्या तोंडावरची चोकची पाती जवळजवळ मिटायला हवी (कडक उन्हाळ्यात ती थोडी उघडी राहते, ते चालते). इंजिन सुरू होताच इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालणारा डायाफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, तिला काही मिलिमीटर उघडतो; नेमके माप गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. नंतर काही मिनिटांत पाती सरळ उभी राहते. हे पाहताना तोंड कार्ब्युरेटरवर आणू नका. बॅकफायर झाला तर ज्वाळा वरच येते.

पाती मिटलेलीच राहिली तर काळा धूर, पेट्रोलचा वास आणि प्लगवर कोरडी काजळी. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते, म्हणून डिपस्टिकला पेट्रोलचा वास आल्यास दुरुस्तीनंतर ऑइलही बदलावे. पाती मिटतच नसेल तर इंजिन सुरू होते आणि लगेच बंद पडते.

आता इंजिन बंद, थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी खालची झडप) थोडा उघडा धरून पाती बोटाने हलवा. ती कुठेही न अडकता फिरली पाहिजे. अडकत असेल तर शाफ्टच्या दोन्ही टोकांना वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर असतो. थंड इंजिनावर कार्ब क्लीनर मारून पाती मोकळी होईपर्यंत हलवत राहा. शाफ्टला ऑइल मुळीच देऊ नका, त्यावर धूळ बसून तो पुन्हा धरतो. आणखी एक कारण हमखास नजरेतून सुटते: एअर फिल्टरचा नट फार आवळला की कार्ब्युरेटरचा वरचा भाग किंचित वाकतो आणि पातीला चिमटा बसतो. नट सैल केल्यावर पाती सुटली, तर दोष तिथेच.

पाती मोकळी असूनही उघडत नसेल तर बाजूच्या गोल टोपीतल्या बायमेटल स्प्रिंगला (तापली की पाती उघडू देणारी दोन धातूंची स्प्रिंग) उष्णता मिळत नाही. चोक इलेक्ट्रिक असेल तर इंजिन चालू असताना वायरवर व्होल्टेज मोजा. बहुतेक गाड्यांत ते 12 व्होल्टच्या वर असते, काहींत अल्टरनेटरवरून सुमारे 7 व्होल्टच येतात. व्होल्टेज आहे पण टोपी गार, म्हणजे टोपीतला हीटर जळालाय किंवा अर्थिंग नाही. काही टोप्यांना अर्थिंग हाऊसिंगमधूनच (टोपी बसते त्या धातूच्या भागातून) मिळते. तिथे कुणी हौसेने गॅस्केट बसवले की सर्किट तुटते. वायर इग्निशन कॉइलवरून मात्र कधीच घेऊ नका, स्पार्क कमजोर होतो. गरम हवेवरच्या चोकमध्ये टोपीत काजळी सापडली तर मॅनिफोल्डमधली नळी गंजून फुटली आहे. पाण्यावर चालणाऱ्या चोकमध्ये कूलंट कमी आहे का आणि थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे का, हे बघावे.

टोपी फिरवून स्प्रिंगचा ताण बदलणे सर्वांत शेवटी. आधी मूळ जागेवर ओरखडा काढून ठेवा, तीन स्क्रू सैल करा, टोपीच्या कडेवरची एका वेळी एकच खूण सरकवा आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच परीक्षा घ्या. घाईने चार खुणा सरकवणाऱ्याला कोणत्या खुणेने काय झाले ते कधीच कळत नाही.

दरम्यान इंजिन पेट्रोलने भरले तर पेडल पंप करू नका. ते तळापर्यंत दाबून धरा आणि स्टार्टर मारा. बहुतेक कार्ब्युरेटरांत या दाबानेच पाती थोडी उघडते.

केबलचा हातचोक बसवण्याची टूम निघाली आहे. पण शाफ्ट चिकटला असेल तर केबलनेही तो अडकेलच.

आपला,
एक वाचक