जगाच्या इतिहासातून वगळलेली आफ्रिका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जगाच्या इतिहासावर जी लेखमाला चालू आहे, तिचे आजवरचे सर्व भाग मी आस्थेने वाचले आहेत. ग्रीस, रोम, चीन, अरबस्तान, युरोपातील प्रबोधन आणि औद्योगिक क्रांती यांवर लेखकांनी परिश्रमपूर्वक लिहिले आहे. आफ्रिका खंड मात्र या मालेत तीनच ठिकाणी आला: पिरॅमिडांच्या निमित्ताने, गुलामांच्या व्यापाराच्या संदर्भात आणि वसाहतींच्या वाटपाच्या नकाशात. त्यामुळे इजिप्त सोडले तर आफ्रिकेत जे काही घडले ते बाहेरच्यांनी घडवले आणि तिथल्या माणसांनी ते केवळ सोसले, असा ग्रह वाचकाच्या मनात दृढ होतो. माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवताना हा ग्रह किती खोलवर रुजलेला असतो हे मी जवळून पाहिले आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी तर तो बाळगूच नये, असे मला मनापासून वाटते.

मानवजातीचा उगम आफ्रिकेत झाला, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे आपल्याच प्रजातीच्या मानवाचे सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत आणि दक्षिण आफ्रिकेतील ब्लोम्बोस गुहेत गेरूच्या तुकड्यांवर कोरलेली सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची नक्षी मिळाली आहे. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. आपल्या ताटाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे.

ज्वारी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी आजच्या सुदानच्या पूर्व भागात माणसाने लागवडीखाली आणली. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, आजच्या माली देशाच्या परिसरात पिकू लागली. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातली, तर ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो ते कारळे इथिओपियातले. चवळीही तिकडचीच, आणि आमटीत पडणाऱ्या चिंचेचे मूळही उष्णकटिबंधीय आफ्रिकेत आहे. रानटी गवताचे दाणे पिकताच जमिनीवर गळून पडतात, कारण त्या वनस्पतीला आपले बी पसरायचे असते. कणसातच टिकून राहणारे, टपोरे दाणे निवडून त्यांचेच बियाणे पुढच्या हंगामासाठी राखायचे, हे काम तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो पिढ्या केले, तेव्हा कुठे कमी पाण्यावर तग धरणारी ही धान्ये तयार झाली. साधारण साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात पोहोचली, आणि पुढे आपल्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या मातीला साजेसे वाण घडवले. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी हा त्याच परंपरेचा भाग आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या सोलापूर, बीड, सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात भात आणि गहू पुरेसे पिकत नसताना माणसे ज्या भाकरीवर जगली, तिच्यामागे एवढा मोठा शोध आहे आणि तो आफ्रिकी आहे. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून आपल्याकडे उत्साहाने साजरे झाले. त्या निमित्ताने आलेल्या लेखनात या शेतकऱ्यांचा उल्लेख मला क्वचितच आढळला, याचे वाईट वाटते.

आफ्रिकेला इतिहास नाही ही समजूत अज्ञानातून आपोआप निर्माण झालेली नाही. ती जोपासली गेली. झिम्बाब्वे देशात ‘ग्रेट झिम्बाब्वे’ नावाचे भग्न नगर आहे. साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकात ते नांदत होते. त्याच्या मुख्य कोटाची भिंत काही ठिकाणी ११ मीटर उंच असून परिघ सुमारे २५० मीटर आहे आणि ती चुन्याचा किंवा मातीचा वापर न करता केवळ घडीव दगड एकमेकांवर बसवून उभी केलेली आहे. तिथे चिनी आणि इराणी भांड्यांचे तुकडे सापडले, कारण तिथले सोने किनाऱ्यावरच्या सोफाला आणि किल्वा या बंदरांतून हिंदी महासागरात जात असे आणि बदल्यात कापड, मणी, भांडी येत असत. गोऱ्या वसाहतवाद्यांना हे नगर स्थानिकांनी बांधले हे मान्यच होईना. फिनिशियन, अरब, बायबलमधील शेबाची राणी अशा कोणाकोणाला त्याचे श्रेय देण्यात आले. पुरातत्त्वज्ञ गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन करून हे बांधकाम आफ्रिकी लोकांचेच आहे असे निर्विवादपणे दाखवले, तरी ऱ्होडेशियाच्या (तेव्हाचे या देशाचे नाव) गोऱ्या राजवटीत जुन्या दंतकथांनाच बळ दिले जात राहिले. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने याच नगराचे नाव घेतले आणि तिथे सापडलेल्या दगडी पक्ष्याला आपल्या ध्वजावर स्थान दिले. ऑक्सफर्डचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९६३ मध्ये, आफ्रिकेचा असा स्वतंत्र इतिहासच नाही, आहे तो तिथल्या युरोपीयांचा, अशा अर्थाचे विधान केले होते. त्या वेळी केटन-थॉम्पसन यांच्या उत्खननाला तीन दशके उलटून गेली होती.

विज्ञानाच्या इतिहासातही हेच घडले. १७२१ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात देवीची भयंकर साथ आली. तिथले धर्मोपदेशक कॉटन मॅदर यांच्या घरी ओनेसिमस नावाचा आफ्रिकी गुलाम होता. देवी आलेल्या रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या कातडीत टोचला, तर त्याला सौम्य आजार होऊन पुढे संरक्षण मिळते आणि आपल्या मुलखात हे सर्रास करतात, असे त्याने मॅदर यांना सांगितले होते. डॉक्टर झॅब्डिएल बॉयल्स्टन यांनी ते करून पाहिले. साथीत आजारी पडलेल्यांपैकी शंभरामागे सुमारे १४ जण दगावले, तर टोचून घेतलेल्यांपैकी शंभरामागे दोन-तीन. ही पद्धत भारत, चीन आणि तुर्कस्तानातही होती हे खरे. परंतु बोस्टनला ती एका आफ्रिकी गुलामाने शिकवली. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर १८४१ मध्ये एदमों आल्बियुस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलातील पडदा बारीक काडीने उचलून अंगठ्याने परागीभवन करण्याची युक्ती शोधली. मेक्सिकोबाहेर व्हॅनिलाचे उत्पादन त्यामुळेच शक्य झाले आणि मादागास्करच्या मळ्यांत आजही हीच पद्धत वापरतात. तो मुलगा पुढे गरिबीतच वारला. आपल्या काळातले उदाहरण द्यायचे तर नोव्हेंबर २०२१ मध्ये बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी करोना विषाणूचा ओमिक्रॉन हा प्रकार ओळखून तत्काळ जगाला सावध केले, आणि अनेक देशांनी त्याची परतफेड त्यांची विमाने बंद करून केली.

गुलामगिरीचा विषय आपल्या लेखमालेत आला, पण तो अटलांटिकपुरता. सुमारे सव्वा कोटी माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबण्यात आले आणि त्यांपैकी जवळपास अठरा लाख वाटेतच मरण पावली. उरलेल्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या श्रमावर अमेरिकेतील कापसाचे मळे उभे राहिले, त्या कापसावर इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या चालल्या. गुलामगिरीच्याच प्रश्नावरून १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, अमेरिकी कापूस बंद झाला, इंग्लंडने भारताकडे मागणी वळवली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबे भरावाच्या कंपन्या, शेअरचा उन्माद, १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळलेला बाजार, व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर, हा सारा इतिहास मुंबईकर अभिमानाने सांगतो. त्या भरभराटीच्या मुळाशी मिसिसिपीच्या मळ्यांत राबलेली आफ्रिकी माणसे आहेत, हेही त्याच श्वासात सांगितले गेले पाहिजे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटाच्या व्यापारात कच्छी आणि खोजा व्यापाऱ्यांचे भांडवल गुंतलेले होते आणि पूर्व आफ्रिकेचे हस्तिदंत मुंबईमार्गे लंडनला जात असे, ही बाजूही आपण झाकून ठेवू नये.

आफ्रिकी माणसाने महाराष्ट्राच्या भूमीवर काय घडवले, हे मलिक अंबरकडे पाहिल्यावर कळते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्याने जहांगीराच्या फौजांना वर्षानुवर्षे दख्खनेत रोखून धरले, १६१० मध्ये खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवले आणि जिचे अवशेष तिथे आजही दिसतात ती भूमिगत नहर काढली. त्याची जमीनमहसूल पद्धत आणि गनिमी काव्याचा वापर यांचा मराठेशाहीच्या घडणीशी जवळचा संबंध आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते. इतके असूनही शालेय पातळीवर तो एखाद्या परिच्छेदात आटोपतो. जेकब वेनराइट तर त्याहूनही अपरिचित आहे. गुलामांच्या जहाजातून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूर येथे मिशनने जी शाळा चालवली, तिचा तो विद्यार्थी. १८७३ मध्ये ब्रिटिश संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले, तेव्हा वेनराइट, मुंबईत शिकलेला चुमा, सुसी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो मृतदेह आणि सर्व टिपणवह्या सुमारे दीड हजार किलोमीटर चालत किनाऱ्यापर्यंत आणल्या. त्या वह्या आज उपलब्ध आहेत त्या या माणसांमुळे. नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

म्हणून माझी विनंती अशी की, लेखमालेच्या उरलेल्या भागांपैकी किमान तीन भाग आफ्रिकेला द्यावेत: एक किल्वा ते कोकण-गुजरात या सागरी व्यापारावर, एक मालीतील टिंबक्टू शहराच्या हस्तलिखितांवर, जी २०१२-१३ मध्ये तिथल्या ग्रंथपालांनी व कुटुंबांनी अतिरेक्यांच्या नकळत राजधानी बामाकोला हलवून वाचवली, आणि एक मलिक अंबरवर. लेखकांसाठी फार दूर जावे लागणार नाही. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिका अभ्यास केंद्र आहे. तिथल्या अभ्यासकांना मराठीत लिहिण्याचे निमंत्रण आपण द्यावे, आणि त्यांचे लेख जगाच्या इतिहासाच्या मुख्य मालेतच छापावेत, वेगळ्या चौकटीत नव्हे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई