गच्चीवरचा पत्रा: रंगाच्या आधी मुलामा विचारा

संपादक महोदय,

एप्रिल उजाडला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या सभांत गच्चीवरच्या शेडचा विषय हमखास निघतो. वरच्या मजल्यावरचे सभासद गळतीने बेजार असतात, पावसाळा तोंडावर आलेला असतो, आणि दोन-तीन कोटेशने टेबलावर पडतात. परवानगीचा प्रश्न वेगळा, त्यावर लिहिणारे जाणकार आहेत. मला लिहायचे आहे ते पत्र्याबद्दल. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी रंगीत पत्रा तयार करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे या सभांत निळा घ्यायचा की विटकरी यावर तासभर वाद रंगतो आणि रंगाखाली काय आहे हे कोणीच विचारत नाही, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

गेल्या वर्षी आमच्याच भागातल्या एका सोसायटीने मला त्यांची शेड पाहायला बोलावले. मोजकेच पावसाळे झाले होते. पत्र्यावरून बोट फिरवले तर निळी भुकटी हाताला लागली. पन्हळीच्या कापलेल्या कडेपासून रंग आत सोलत गेला होता, खाली तांबूस गंज. सचिवांनी फाइल काढून दाखवली. लाखांच्या कामाच्या कोटेशनमध्ये पत्र्याविषयी एवढेच लिहिलेले होते: 'कलर शीट, ०.५० एमएम, ब्लू'. एवढ्या शब्दांत चांगला पत्राही बसतो आणि टाकाऊही. मग भांडायचे कोणत्या आधारावर?

हा रंग ब्रशने किंवा फवाऱ्याने दिलेला नसतो. पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, एका टोकाला उलगडते. एका कॉइलचे शेपूट दुसरीच्या तोंडाला जोडले जाते, त्यामुळे लाइन थांबत नाही. पत्रा आधी अल्कलीने धुतला जातो, त्यावरचे तेल जाते. मग रासायनिक थर बसतो, तो नसेल तर रंग धरतच नाही. त्यानंतर रबरी आवरणाचा रोलर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पातळ अस्तरथर, चढवतो, पत्रा भट्टीतून जातो, पाण्याने गार होतो, पुन्हा रोलर, पुन्हा भट्टी. भट्टीत पत्रा अर्धा-पाऊण मिनिट असतो आणि तेवढ्यात त्याचे स्वतःचे तापमान साधारण २२० ते २४० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या पद्धतीची सुरुवात १९३५ च्या सुमारास अमेरिकेत खिडक्यांच्या व्हेनेशियन पडद्यांच्या पट्ट्या रंगवण्यातून झाली. आज आपल्या ठाणे जिल्ह्यातच वासिंदला असा पत्रा बनतो.

वरच्या बाजूला सहसा ५ मायक्रॉन प्रायमर आणि २० मायक्रॉन रंग असतो, मागे त्याहून पातळ थर. पंचवीस मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. एवढासा पापुद्रा एकटा लोखंड वाचवू शकत नाही. कोणत्याही रंगातून ओलावा थोडाफार झिरपतोच. खरा पहारा असतो रंगाखालच्या धातूच्या मुलाम्याचा. तो मुख्यतः दोन प्रकारचा मिळतो. एक साध्या जस्ताचा, ज्याला आपण जीआय म्हणतो. दुसरा गॅल्व्हल्यूमचा, ज्यात ५५ टक्के अॅल्युमिनियम, साधारण ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असते. मुलाम्याचे वजन चौरस मीटरला ग्रॅममध्ये, दोन्ही बाजू मिळून सांगतात. झेड १२० म्हणजे १२० ग्रॅम जस्त, एझेड १५० म्हणजे १५० ग्रॅम मिश्रधातू. जस्त जड आणि अॅल्युमिनियम हलके, त्यामुळे झेड १२० मध्ये एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन थर बसतो, तर एझेड १५० मध्ये सुमारे वीस. जिथे पत्रा कापला जातो तिथे लोखंड उघडे पडते आणि जस्त स्वतः झिजून त्याला वाचवते. जस्तच तुटपुंजे असेल तर ते लवकर संपते आणि कड गंजायला लागते. त्या सोसायटीच्या गच्चीवर नेमके तेच दिसत होते.

नवी मुंबईत याकडे काणाडोळा करून चालणार नाही. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकची टेकडी आणि मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा कारखान्यांचा पट्टा. खारी दमट हवा आणि कारखान्यांचा धूर, दोन्ही आपल्या छपरावर बसतात. पुण्यात किंवा नाशिकला जो पत्रा निभावून नेईल, तो इथे निभावेलच असे नाही.

जाडीचाही घोळ असतो. ०.५० एमएम ही नुसत्या लोखंडाची जाडी की मुलामा-रंग धरून एकूण, हे कोटेशनमध्ये क्वचितच असते. एझेड १५० चा मुलामा दोन्ही बाजू मिळून ४० मायक्रॉन, रंग पुढून-मागून मिळून ३५. म्हणजे एकूण ०.५० च्या पत्र्यात लोखंड उरले ०.४२५. दोन्ही पद्धतींनी विकणे गैर नाही, पण कोणती ते सांगितलेच पाहिजे. नाहीतर दोन कोटेशनांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता रंग. नेहमीच्या पत्र्यावर पॉलिएस्टर असते. ते स्वस्त आहे, वळवताना सहसा तडकत नाही, आतल्या भिंतींना, पार्टिशनला उत्तम. पण उन्हातली अतिनील किरणे त्यातल्या राळेचा, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणाऱ्या रेझिनचा, बांध तोडतात आणि मोकळे झालेले रंगद्रव्य भुकटी होऊन वर येते. बोटाला लागते ती हीच. सिलिकॉन मिसळलेले पॉलिएस्टर, बाजारात ज्याला एसएमपी म्हणतात, आणि सुपर ड्युरेबल पॉलिएस्टर त्याहून टिकाऊ. सर्वांत वरचे पीव्हीडीएफ. त्यात ७० टक्के राळ फ्लोरिनयुक्त असते आणि कार्बन-फ्लोरिनचा बंध ऊन सहजासहजी तोडू शकत नाही. मात्र ते महाग असते आणि त्यावर ओरखडेही लवकर उठतात. सोसायटीने थेट पीव्हीडीएफच घ्यावे असे मी म्हणणार नाही. हातात मोजके पैसे असतील तर आधी एझेड १५० घ्या, त्यावर सुपर ड्युरेबल किंवा एसएमपी. पातळ जस्तावर महागडा रंग ही सर्वांत वाईट खरेदी, कारण रंग टवटवीत राहतो आणि कडेने लोखंड जाते.

प्रयोगशाळेत आम्ही एमईके या द्रावकात भिजवलेल्या कापडाने नमुना शंभर वेळा पुढे-मागे घासायचो. भट्टीत कच्चा राहिलेला रंग त्याआधीच कापडाला लागायचा. घरी ते करायला जाऊ नका, द्रावक चटकन पेट घेतो. पण कॉन्ट्रॅक्टरकडून नमुन्याचा तुकडा मागून घ्या, पक्कडीने वळवा आणि वळलेल्या जागी चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढा. कडक ग्रेडच्या पत्र्याच्या घडीवर बारीक चिरा दिसतील, त्याला घाबरू नका. रंगाचा पापुद्रा पट्टीला चिकटून आला, तर मात्र तो माल परत पाठवा.

चांगला पत्रा बसवताना मातीमोल होतो, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. साइटवर पत्रा ग्राइंडरने कापतात. ठिणग्यांनी कडेचा मुलामा जळतो आणि तापलेले लोखंडी कण रंगात रुतून पहिल्याच दवात तांबडे ठिपके उठतात. निब्लर, म्हणजे पत्रा कुरतडत कापणारे यंत्र, किंवा कात्रीच वापरायला लावा. स्क्रू मारून झाल्यावर पडलेला लोखंडी भुसा त्याच दिवशी मऊ झाडूने काढायला लावा. सर्वांत नुकसान करणारी सवय म्हणजे भिंतीलगतचा सांधा सिमेंटच्या मालाने बुजवणे. ओले सिमेंट अॅल्युमिनियम खाते. तिथे फ्लॅशिंगची, म्हणजे सांधा झाकणारी पत्र्याची, पट्टी आणि न्यूट्रल सिलिकॉन सीलंटच हवे. पत्र्यांची चळत पावसात भिजत ठेवली तरी पत्र्यांमध्ये पाणी अडकून पांढरा गंज धरतो.

माझी मागणी साधी आहे. जस्ताच्या मुलाम्यावरील रंगीत पत्र्यासाठी आयएस १४२४६ आणि गॅल्व्हल्यूमवरील पत्र्यासाठी आयएस १५९६५ ही भारतीय मानके आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या फेडरेशनने कोटेशनचा एक नमुना तयार करून सभासद संस्थांना द्यावा. त्यात मानकाचा क्रमांक, मुलाम्याचा प्रकार व वजन, लोखंडाची आणि एकूण अशा दोन्ही जाड्या, रंगाचा प्रकार आणि रंगाचे मायक्रॉन हे रकाने असावेत. कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र बिलासोबत मागावे. अनेक पत्र्यांच्या मागच्या बाजूला यातील काही माहिती छापलेली असते. माल उतरवून घेताना ती ओळ कोटेशनशी ताडून पाहावी आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.

ज्यांच्या गच्चीवर शेड आधीच उभी आहे, त्यांनी पावसाळ्याआधी छपराच्या खालच्या बाजूवरून आणि वळचणीवरून साध्या पाण्याचा पाइप फिरवावा. तिथे पाऊस पोचत नाही आणि मीठ साचत राहते. पन्हळात अडकलेली पाने काढावीत, गंजलेले स्क्रू रबरी वॉशरसकट बदलावेत.

आपली,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ,
कोपरखैरणे, नवी मुंबई